सहाशे मीटरवरचा व्याही

वाल्डॉर्फ, जर्मनी, ३ मार्च २०२५

ती. मनोरमामावशी,

वाकून नमस्कार. तू व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीस आणि फोनवर दोन वाक्यं झाली की "बरं, ठेवते" म्हणतेस, म्हणून कागद घेऊन बसलोय. घरात पाच लॅपटॉप आहेत, पण पेन शोधायला शेजाऱ्यांकडे जावं लागलं.

बातमी अशी की तीन आठवड्यांचा झटपट वर्ग करून मी इथली शिकाऱ्याची परीक्षा पास झालो. लेखी पेपरात एकही चूक नाही. कोल्ह्याच्या पोटातल्या जंतांची नावंसुद्धा पाठ आहेत. आपल्या घराण्यात याग्डशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना, आजवर तुझ्या एकटीकडे होता. आता आपण दोघं झालो. विभाला अजून काही बोललेलो नाही. आपला नवरा योगशिबिराला जातो, असं तिला वाटतं.

आता मुद्द्याचं. रायफल घ्यायची आहे आणि गाडी अडली आहे कॅलिबरवर. मला हरीण लांबून मारायचं आहे, सहाशे मीटरवरून. त्यासाठी चौदा कॅलिबरांची एक एक्सेल शीट केली आहे. गोळीचं वजन, वेग, वाऱ्याने ती किती सरकते, सहाशे मीटरवर पोचेपर्यंत किती खाली येते, खांद्याला धक्का किती, शिवाय रीसेल व्हॅल्यू. प्रत्येकाला वेटेज दिलं आहे. आधी साडेसहा क्रीडमोर पुढे होतं. वाऱ्याचं वेटेज वाढवलं तर सात मिलिमीटर मॅग्नम वर आलं. धक्क्याचा कॉलम लपवला की तीनशे विंचेस्टर मॅग्नम सगळ्यांना मागे टाकतं. फ्रीज घेताना असंच झालं होतं आणि आठ महिने आम्ही दूध बाल्कनीत ठेवत होतो.

शीटची प्रिंट सोबत जोडली आहे. तू अनुभवी आहेस, लवकर कळव.

तुझा,
प्रताप


हॅनोव्हर, १४ मार्च

चि. प्रताप,

आशीर्वाद. तुझी शीट मिळाली. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर वाणसामान लिहिलं.

मी शिकार शिकले पन्नाशीत, आणि कारण साधं होतं. तुझे काका गेल्यावर वेळ जाईना म्हणून मागच्या अंगणात भाजी लावली. जंगलातून हरणं यायची. त्यांनी गुलाबाच्या कळ्या खाल्ल्या तेव्हा मी गप्प बसले. मेथी खाल्ली तेव्हा परीक्षेला बसले. माझी रायफल आठ बाय सत्तावन्न, इथल्या आजोबा लोकांचं जुनं कॅलिबर. दुसरी कधी हातात घेतली नाही. मी मचाणावर जाऊन बसते. ऐंशी मीटरवर हरीण आलं तर आलं, नाही आलं तर डब्यातल्या ओव्याच्या पुऱ्या खाऊन घरी येते. शिंगं मात्र घरात लावत नाही. देवघरासमोर कवट्या कोण टांगणार? गॅरेजात पडलेली असतात, मागेल त्याला देते.

सहाशे मीटरवर जे दिसतं त्याला आम्ही हरीण म्हणत नाही, शंका म्हणतो. तेवढं अंतर कापायला गोळीला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात हरणाला पुढचं गवत आवडलं आणि त्याने एक पाऊल टाकलं, की गोळी काळजात न जाता पोटात जाते. मग ते मुकं जनावर रक्त सांडत रानभर फिरतं आणि कोणीतरी कुत्रा घेऊन त्याच्या मागावर जातो. मी गेले आहे. पुन्हा जायची इच्छा नाही.

कायदा मोठ्या हरणासाठी एवढंच म्हणतो की साडेसहा मिलिमीटरच्या खाली नको आणि शंभर मीटरवर गोळीत दोन हजार ज्यूल जोर उरलेला हवा. शंभर म्हटलंय, प्रताप. त्याला पुरेल असं काहीही घे आणि त्या शीटला विश्रांती दे.

पण सहाशे हा आकडा तुझा नाही. लहानपणी तू कैरी पाडायला दगड मारायचास तो शेजारच्यांच्या तुळशीला लागायचा. हा आकडा आला कुठून, ते खरं लिही.

तुझी,
मनोरमामावशी


वाल्डॉर्फ, २ एप्रिल

ती. मावशी,

तुझ्यापासून लपत नाही काही. आमच्या स्वानंदीचं लग्न ठरलंय. पुढच्या मे महिन्यात आहे. मुलगा योनास, कोलोनला तिच्याच ऑफिसात आहे. तारीख नक्की होईपर्यंत नातेवाइकांत बोलायचं नाही असा विभाचा दंडक होता, म्हणून तुला कळवलं नाही. रागावू नकोस. आमचे व्याही हेर, म्हणजे श्रीयुत, उवे लोमान. हॅनोव्हरच्या उत्तरेला त्यांचं गाव आहे, तुझ्यापासून फार लांब नसावं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो.

मावशी, त्यांच्या दिवाणखान्याची एक अख्खी भिंत शिंगांनी भरली आहे. मधोमध बारा टोकांचं एक डोकं आहे. नेमकं त्याच्याखाली मला बसवलं होतं आणि मला सूप गिळेना. व्याही म्हणजे दारातून वाकून येणारा माणूस, दाढी छातीपर्यंत, आणि बोलणं शून्य. मी शिंगांकडे बोट करून "तुमची शिकार?" असं विचारलं तर खाली बघून म्हणाले, "जा." हो म्हणाले. पुढे काही नाही.

मी पडलो मुलीचा बाप. उद्या मांडवात या माणसाच्या शेजारी उभं राहायचं आहे. त्यांच्याकडे भिंतभर पराक्रम, माझ्याकडे क्लाउड मायग्रेशनची तीन सर्टिफिकेटं. माझ्या तोंडून निघून गेलं की आमचे आजोबा हरणं मारायचे. सहाशे मीटरवरून. एका गोळीत.

स्वानंदी ताटातल्या बटाट्याकडे बघत बसली. व्याही म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये माझ्याबरोबर मचाणावर चला."

ही परीक्षा आहे गं. आपल्याकडे मुलीला बघतात, इथे बापाला बघतात. मी तिथे चुकलो की खोटारडा ठरणार आणि स्वानंदी त्या घरात खोटारड्याची मुलगी म्हणून जाणार. मला ते सहन होणार नाही. ती परवा फोनवर म्हणाली, "बाबा, योनासचे पप्पा तुमच्या भेटीचं खूप टेन्शन घेतायत. बिट्टे, प्लीज नीट वागा." त्यांना कसलं टेन्शन? म्हणजे त्यांना संशय आलेला आहे.

आणखी एक अडचण आहे. लग्नाच्या हॉलमध्ये लावायला त्यांनी आजोबांचा बंदुकीसकट फोटो मागितला आहे. तुझ्याकडे निघेल का?

प्रताप


हॅनोव्हर, २९ एप्रिल

चि. प्रताप,

स्वानंदीला भरभरून आशीर्वाद. तुला नाहीत.

माझ्या वडिलांनी आयुष्यात बंदूक धरली नाही. ते फॉरेस्ट खात्यात होते हे खरं, पण पुण्याच्या कचेरीत, हेडक्लार्क. त्यांनी हरीण पाहिलं ते पेशव्यांच्या नावाच्या बागेत, पिंजऱ्यात, आम्हा बहिणींना खांद्यावर घेऊन. घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढून आईला हाक मारायचे. अशा गरीब माणसाच्या माथी तू हरणांची हत्या मारलीस, तीही एका गोळीत.

त्यांचा उभा फोटो एकच आहे, तो पाठवते आहे. हातात छत्री आहे.

लोमान आडनावाची माणसं इकडे ढिगाने आहेत, तुझे व्याही त्यातले कोण ते मला ठाऊक नाही. पण ते कोणीही असोत, त्यांना फोन कर आणि खरं सांग. माणूस फार तर हसेल. कॅलिबरने झाकायची गोष्ट नाही ही.

मनोरमामावशी


वाल्डॉर्फ, ११ जुलै

ती. मावशी,

फोटो मिळाला. मी खरं सांगणारच होतो, फोन हातात घेतलाही होता. पण त्याच फोनमध्ये एआयचं अ‍ॅप आहे. छत्रीची रायफल कर म्हटलं, चार सेकंदांत झाली. मिशाही त्याने आपणहून वाढवून दिल्या. आजोबा असे काही दिसतात म्हणून सांगू! व्याह्यांना लगेच पाठवून दिला. त्यांचं एका शब्दाचं उत्तर आलं, "श्टार्क." जबरदस्त म्हणाले.

आता मागे फिरायची सोय उरली नाही, म्हणून तीनशे विंचेस्टर मॅग्नम घेतली. वर दुर्बीण बसवली आहे, पाचपट ते पंचवीसपट. दुकानदार म्हणाला, "हरणासाठी एवढी?" मी म्हटलं, "गेनाऊ, अगदी बरोबर. व्याह्यांसाठी." त्याला ते कळलं नाही.

शूटिंग रेंजवर पहिल्याच गोळीला धक्का असा बसला की दुर्बीण भुवईवर आदळली. तीन टाके पडले. धक्क्याचा कॉलम मी लपवायला नको होता. विभाला सांगितलं की शवासनातून उठताना तोल गेला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळद लावली.

कायद्याप्रमाणे बंदुकीला पोलादी कपाट लागतं. ते कागदपत्रांसाठी आणलंय अशी थाप मारली, तर तिला ते इतकं पसंत पडलं की चांदीची भांडी आत ठेवायची म्हणून रोज नंबर विचारते. मी रोज विसरतो. या घरात आता मला स्वतःच्याच कपाटाजवळ जायची चोरी झाली आहे.

तीन महिने उरले. सहाशे मीटरवर अजून एकही गोळी कागदाला लागलेली नाही. शंभरवर लागते, पण शंभरवर काय, कोणाचीही लागते. मला भीती वाटते, मावशी.

प्रताप


हॅनोव्हर, २० ऑगस्ट

चि. प्रताप,

टाके निघाले असतील. शंभर मीटरवर गोळी लागते ना, मग तू शिकारी आहेस. बाकीचे पाचशे मीटर तुझ्या तोंडाने जोडलेले आहेत, खांद्याने नाहीत.

फोटोबद्दल सांगते. माझ्या वडिलांच्या डाव्या हाताला सहा बोटं आली आहेत. मागे बसस्टॉपचा खांबही तसाच उभा आहे. जंगलात बसस्टॉप असेल तर हरणं सहाशे मीटरवर कशाला थांबतील, रांगेत येतील.

मचाणावर दुर्बीण सगळ्यात कमी पटीवर ठेव. हे विसरू नकोस. आणि खाली उतरण्याआधी जे बोलायचं ते बोलून टाक. तिथे कुजबुजायचीच पद्धत असते, त्यामुळे आवाज चढवावा लागत नाही.

मनोरमामावशी


वाल्डॉर्फ, १३ ऑक्टोबर

ती. मावशी,

तू मला सहा बोटांबद्दल लिहिलंस. तो फोटो मी तुला पाठवलाच नव्हता. हे माझ्या ध्यानात यायला मचाणावर चढावं लागलं.

शनिवारी दुपारी त्यांच्या गावी पोचलो. व्याही दारात उभे होते. एका हातात दोन घोंगड्या, दुसऱ्या हातात थर्मास, काखेत एक डबा. बंदूक नाही. माझ्या खांद्यावरची रायफल बघून म्हणाले, "ग्रोस." मोठी आहे, म्हणाले. मला वाटलं, परीक्षक स्वतः पेपर सोडवत नसतो.

मचाणाची फळी दोघांना जेमतेम पुरत होती. त्यांचा खांदा माझ्या दुखऱ्या खांद्याला चिकटलेला. समोर गवताचा पट्टा, पलीकडे बर्चची झाडं. मी मनातल्या मनात वाऱ्याचा हिशेब मांडत होतो. असा तास गेला. मग बर्चमधून एक हरीण बाहेर आलं. साठ मीटर असेल, फार तर. माझ्या शीटमध्ये साठ मीटरची ओळच नव्हती.

मी रायफल उचलली. दुर्बीण कमी करायची तू लिहिलं होतंस, मी पंचवीसवरच ठेवली होती. आत नुसता तपकिरी रंग दिसला. थोडी हलवली तर कान दिसला. पुन्हा तपकिरी. आणि मग डोळा आला. मावशी, त्याला पापण्या होत्या. लांब होत्या आणि त्यातल्या एकीवर गवताचं बी अडकलं होतं. ते हरीण डोळा मिटायचं, बी पडायचं नाही, पुन्हा मिटायचं. लहानपणी स्वानंदीच्या डोळ्यात काही गेलं की ती असंच करायची. माझं बोट ट्रिगरवर गेलंच नाही. ते बी पडेपर्यंत मी बघत बसलो. नंतर हरीण शांतपणे निघून गेलं.

मी रायफल रिकामी करून कोपऱ्यात उभी केली आणि कुजबुजलो, "हेर लोमान, माझे आजोबा कारकून होते. त्यांच्या हातात छत्री होती. सहाशे मीटर मी त्या दिवशी तुमच्या भिंतीसमोर बनवलं. फोटोही बनवला. माझ्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला बोल लावू नका." मला भयंकर लाज वाटत होती, आणि बोलून झाल्यावर बरंही वाटत होतं.

व्याह्यांनी काखेतला डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरला. आत ओव्याच्या पुऱ्या होत्या. कडेला काट्याने टोचलेल्या, तू टोचतेस तशा.

"मनोरमा," ते म्हणाले.

मग तो माणूस बोलला. मी त्यांना आजवर बोलताना ऐकलं ते सगळं एकत्र केलं तरी एवढं भरणार नाही. म्हणाले, "आल्झो, तर मग ऐका. मला बोलता येत नाही. इंग्रजी तर नाहीच. तुम्ही इतके शिकलेले, तुमची बायको गाते. लग्नात अख्खा दिवस तुमच्या शेजारी बसायचं आणि बोलायचं काय, याने माझी झोप उडाली होती. मचाणावर बोलायला बंदी असते. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"आणि हरीण?" मी विचारलं.

"हरणाचं काय," म्हणाले, "ते रोज येतं."

म्हणजे हे टेन्शन होतं. मी आठ महिने वारा मोजत होतो आणि ते आठ महिने विषय शोधत होते.

अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. पुऱ्या संपवल्या. एकदा त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यात पुरी घातली. ते काय होतं कोण जाणे. मी विचारलं नाही, तिथे बंदी होती.

पण तुझ्यावर माझा राग आहे, मावशी. तुला सगळं माहीत होतं आणि तू मला वाऱ्यावर सोडलंस. विभाला आता कसं सांगू, तेवढं तरी लिही.

प्रताप


हॅनोव्हर, २० ऑक्टोबर

चि. प्रताप,

राग धर, तुझा हक्क आहे. आशीर्वाद आज पुष्कळ.

उवे आणि मी एकाच रानात शिकार करतो, वीस वर्षं झाली. तुम्ही जेवून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मनोरमा, तू भारतातली, तर तू प्रताप नावाच्या माणसाला ओळखत असशील." जर्मन माणसाला नेहमीच वाटतं की आपण सगळे एकमेकांना ओळखतो. त्या एका दिवशी ते खरं निघालं. सहाशे मीटर ऐकून मी इतकी हसले की त्याला पाणी आणावं लागलं. लगेच तुला फोन करून झापणार होते. उवेच नको म्हणाला. म्हणाला, "मुलीचा बाप आहे, त्याचं त्याला सांगू दे." म्हणून तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही गप्प राहिले, आणि पुढे लोमान कोण ते ठाऊक नाही अशी थापही मारली. रोज पेटीत बघायचे, आज तरी खरं लिहिलंय का. तुला त्रास झाला त्याचं मला वाईट वाटलं. भुवईचं वाचलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

विभाची काळजी करू नकोस, तिने पहिल्याच महिन्यात मला फोन केला होता. योगशिबिरातून येणाऱ्या नवऱ्याच्या कोटाला बारुदाचा वास येत नाही, एवढं तिला कळतं. तिचं म्हणणं आहे की बंदूक विक आणि कपाट ठेव. नंबर तेवढा दे.

हॉलमध्ये छत्रीचाच फोटो लागणार आहे. उवेने चौकटही केली, ओकच्या लाकडाची. वडील आता जिथे असतील तिथे खुर्चीवरून खाली उतरले असतील.

आता पुरीचं सांगते. उवे जे बोलायला गेला ते त्याने मला लिहायला सांगितलंय, कारण तू एवढं खरं बोललास आणि त्याच्याने बोलवेना. ती मधली बारा टोकांची शिंगं, ज्यांच्याखाली तुला सूप गिळेना, ती त्याची नव्हेत. माझी आहेत. आजूबाजूची बरीचशीही माझीच. आठ बाय सत्तावन्न, ऐंशी मीटर. तुम्ही यायच्या आदल्या रविवारी तो ट्रेलर घेऊन माझ्या गॅरेजात आला होता. स्वतःच्या भिंतीवर दोन लहान जोड्या, त्याही वडिलांच्या. सुनेचा बाप येणार, एवढा मोठा इंजिनियर, भिंत रिकामी दिसायला नको, म्हणाला.

आता लाजून शिंगं परत आणून द्यायला निघाला आहे. मी त्याला सांगितलं, लग्न होईपर्यंत राहू दे, मुलीकडची माणसं येणार आहेत.

तुझी,
मनोरमामावशी